सोलापुरात सेंद्रिय भाजी शोधताना

अळीने खाल्लेले, भोके पडलेले मेथीचे पान दिसले की ‘ही बिनऔषधाची दिसते’ असे म्हणून तीच जुडी मुद्दाम उचलणारी माणसे लक्ष्मी मंडईत हमखास भेटतात, आणि त्यांचा तर्क ऐकताक्षणी पटतोही. परंतु पानाला पडलेले भोक एवढेच सांगते की त्या पानावर केव्हातरी अळी होती. ती पुढे कशाने मेली, हे भोकावरून कळत नाही. पिकात अळी दिसू लागली म्हणजेच शेतकरी पाठीला पंप लावतो, त्यामुळे भोके पडलेल्या भाजीवर चार दिवसांपूर्वी फवारणी झालेली असण्याची शक्यता चांगल्या दिसणाऱ्या भाजीपेक्षा जास्तही असू शकते. तकतकीत, एकसारखी वांगी पाहून ‘यांवर भरपूर औषध मारले असणार’ असे ठरवणेही तितकेच कच्चे आहे, कारण कडक थंडीत, कीड कमी असताना, निगा राखलेल्या झाडाला तशी वांगी थोड्या फवारणीतही लागतात.

कीटकनाशकाचा अंश डोळ्यांना दिसत नाही, नाकाला क्वचितच कळतो आणि जिभेला तर कळतच नाही. एखाद्या पिकावर एखाद्या औषधाची मर्यादा वेगळी ठरवून दिलेली नसेल, तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली जाते. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर असे म्हणता येईल, की दहा-दहा टन भाजी भरलेले दहा ट्रक उभे केले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध पसरले, तर ते प्रमाण या मर्यादेइतके होते. एवढा सूक्ष्म अंश मोजायला क्रोमॅटोग्राफीची महागडी यंत्रे लागतात, आणि एका नमुन्याच्या तपासणीला काही हजार रुपये पडतात. वीस रुपयांच्या जुडीसाठी ती तपासणी ना विकणारा करून घेईल, ना घेणारा.

तपासणी अगदीच होत नाही, असे नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाची कीटकनाशक अंशांवर देखरेख ठेवणारी एक देशव्यापी योजना आहे, आणि तिच्यात २०१४-१५ साली भाज्या, फळे, धान्ये, दूध वगैरेंचे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश २.६ टक्के नमुन्यांत होते, आणि त्या पिकासाठी मंजुरीच नसलेली औषधे १२.५ टक्के नमुन्यांत निघाली. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. मंडईतली प्रत्येक भाजी विषारी आहे ही भीती खरी नाही. आणि जे औषध कपाशीसाठी आणले ते भेंडीवर मारले जाते ही तक्रार मात्र खरी आहे. ज्या देशात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा अवघी १.०८ हेक्टर आहे, माल सुटा विकला जातो आणि औषधाचा सल्ला बहुधा औषध विकणाराच देतो, त्या देशात याहून वेगळे घडणे कठीण होते.

अशा परिस्थितीत ‘ही भाजी सेंद्रिय आहे का?’ हा प्रश्न आपल्याला फारसा पुढे नेत नाही. हे पीक कोणते, सोलापूरच्या हवेत त्याला औषधाची गरज किती पडते आणि ते कोणाच्या रानातून आले, या तीन प्रश्नांनी बरेच काम होते. त्यांकडे वळण्यापूर्वी पाट्यांवर लिहिलेल्या शब्दांचा उलगडा करून घेणे आवश्यक आहे.

पाट्यांवरचे शब्द

‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’ आणि ‘रेसिड्यू-फ्री’ हे चार शब्द विक्रेते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, पण त्यांचे अर्थ निराळे आहेत.

सेंद्रिय हे वर्णन मालाचे नसून पद्धतीचे आहे. रासायनिक खत, कृत्रिम कीटकनाशक, तणनाशक आणि जनुकीय फेरफार केलेले बियाणे यांच्याशिवाय घेतलेले पीक म्हणजे सेंद्रिय पीक. आज खत बंद केले आणि उद्या माल सेंद्रिय झाला, असेही होत नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षे आणि फळबागांसाठी तीन वर्षे जमीन ‘रूपांतरणा’त काढावी लागते. या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो. सेंद्रिय शेतीकडे वळलेले अनेक शेतकरी याच टप्प्यावर मागे फिरतात, आणि त्यांना दोष देणे मला तरी जमत नाही.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समजही चुकीचा आहे. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मासारख्या बुरशी आणि किडीच्या नराला मादीच्या वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे हे सगळे सेंद्रिय शेतीत चालते. मोरचूद आणि चुना मिसळून केलेले बोर्डो मिश्रणदेखील मर्यादेत चालते, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचे संयुग आहे. त्यामुळे सेंद्रिय द्राक्षाच्या घडावर निळसर डाग दिसला म्हणून लगेच फसवणूक झाली असे मानू नये. घड स्वच्छ धुवावा एवढेच.

नैसर्गिक शेती हा शब्द महाराष्ट्रात मुख्यतः सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीमुळे रुळला. देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात आंबवून केलेले जीवामृत हा तिचा गाभा आहे, आणि बाहेरून विकत आणलेले सेंद्रिय खतही तिच्यात नको असते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिल्यापासून हा शब्द सरकारी कागदांतही वाढला आहे. ‘विषमुक्त’ हा मात्र निव्वळ विक्रीचा शब्द आहे. त्याच्यामागे प्रमाणपत्र असेलच असे नाही. मीही एकदा एका प्रदर्शनातून ‘विषमुक्त’ द्राक्षांची पेटी दीडपट भावाने घेतली होती, आणि शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली असे विचारल्यावर विक्रेत्याने मला गाईचे महत्त्व सांगितले होते.

उरला ‘रेसिड्यू-फ्री’. अशा मालावर रासायनिक औषध वापरलेले असते, हे आधी ध्यानात घ्यावे. फरक इतकाच, की फवारणी अशा बेताने थांबवलेली असते की काढणीच्या वेळी फळात मोजण्याजोगा अंश उरू नये. आपल्या भागात हा प्रकार द्राक्षामुळे आला. २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि निर्यातदारांचे धाबे दणाणले. त्यानंतर निर्यातीचे नियम कडक होत गेले, आणि २००६ साली अपेडा या केंद्रीय संस्थेने ‘ग्रेपनेट’ नावाची संगणकीय नोंद सुरू केली. निर्यातीच्या प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळू लागला, काढणीआधी बागेतून नमुने जाऊ लागले आणि प्रयोगशाळेने होकार दिल्याशिवाय माल भरता येईनासा झाला. डाळिंबासाठीही पुढे ‘अनारनेट’ आले.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे, की पंढरपूर किंवा सांगोला तालुक्यातील ज्या शेतकऱ्याला ‘अडाणी आहे, वाटेल तसे औषध मारतो’ असे शहरात बसून म्हटले जाते, तोच शेतकरी विचारणारा ग्राहक समोर असला की प्रत्येक फवारणीची तारीख वहीत लिहून ठेवतो. युरोपातल्या दुकानदाराने विचारले, म्हणून ते घडले. तेच द्राक्ष पाटीत भरून गावच्या बाजारात येते तेव्हा त्याला वही दाखव म्हणणारा कोणी नसतो.

प्रमाणपत्र कुठे उपयोगी पडते

पाकीटबंद मालाच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे. सेंद्रिय अन्नाविषयीचे नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली केले, आणि त्यांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटाला दोनपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. पहिली पद्धत राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची. तिच्यात त्रयस्थ संस्था येऊन शेत तपासते, ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह मिळते आणि माल निर्यातही करता येतो. पण खर्च आणि कागद दोन्ही भरपूर. दुसरी पद्धत पीजीएस-इंडियाची, म्हणजे सहभागातून हमीची. तिच्यात एका परिसरातील शेतकऱ्यांचा गट तयार होतो आणि गटातले शेतकरीच एकमेकांची शेते तपासून हमी देतात. रूपांतरणाच्या काळातील मालाला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ अशी दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि हा फरक दुकानात क्वचितच सांगितला जातो. याशिवाय ‘जैविक भारत’ हे एकत्रित चिन्ह अनेक पाकिटांवर दिसते.

शेजारच्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला दिलेली हमी कितपत खरी, अशी शंका येणे साहजिक आहे. माझे मत असे, की गावात कोणाच्या रानात कोणत्या दिवशी पंप चालला हे शेजाऱ्याला जितके नेमके ठाऊक असते तितके वर्षातून एकदा जीपने येणाऱ्या तपासनिसाला ठाऊक असणे शक्य नाही. मात्र गट भाऊबंदांचाच असेल तर तोच शेजारी गप्पही बसतो. म्हणून गटाचे नाव, गाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक विचारावा. खरा गट ते चटकन सांगतो.

सुट्या भाजीपर्यंत मात्र यातले फारसे काही पोहोचत नाही. थोड्या उलाढालीचा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकतो तेव्हा त्याला प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत आहे, आणि ते रास्तही आहे. त्याचा परिणाम असा, की मंडईच्या दारात पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेला ‘सेंद्रिय’ हा शब्द खराही असू शकतो आणि खोटाही, आणि त्या पुठ्ठ्याकडे पाहून ते कळत नाही.

पाणी आहे तिथे पंप आहे

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो; वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. एकीकडे उजनीच्या कालव्यांवर, भीमाकाठावर आणि विहिरी-बोअरच्या ठिबकावर उभी असलेली बागायत, तर दुसरीकडे मंगळवेढ्याच्या काळ्या रानासारखी निव्वळ पावसाच्या ओलीवर जगणारी जिरायत, असे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. सोलापूरकराला फवारणीचा अंदाज घ्यायचा असेल तर याच नकाशावरून बराचसा घेता येतो. पाणी आले की दाट, कोवळी, हिरवी पिके येतात, बाग वर्षभर दमट राहते, कीड आणि बुरशीला मुक्काम मिळतो, आणि गुंतवलेले भांडवल मोठे असल्याने शेतकरी धोका पत्करत नाही. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, आणि तिथली कपाशी मुख्यतः कोरडवाहूच होती. सोलापुरातली पिके पाहता मात्र तो बऱ्यापैकी खरा उतरतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते चवीमुळे आणि दाण्याच्या गुणामुळे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. ही मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. तिला कीड लागत नाही असे नाही: कोवळेपणी खोडमाशी येते, पुढे मावा आणि चिकटा येतो, आणि २०१८ नंतर मक्यावरची लष्करी अळीही तिच्यावर दिसू लागली आहे. परंतु कोरडवाहू ज्वारीचे एकरी उत्पन्न आणि भाव पाहता तिच्यावर पाच-सहा फवारण्या करणे कोणालाच परवडत नाही. फार तर बियाण्याला औषध चोळलेले असते आणि एखादी फवारणी पीक लहान असताना झालेली असते. दाणा भरून वाळेपर्यंत त्याचा फारसा मागमूस उरत नाही. याखेरीज त्या ज्वारीचा कडबा घरच्या जनावरांपुढे जाणार असतो, त्यामुळे शेतकरी स्वतःच हात राखून असतो.

हुलगा, मटकी, जवस आणि कारळ यांचीही गोष्ट जवळपास अशीच आहे. ज्वारीत पाटा टाकून घेतलेली करडई विरळताना जी कोवळी रोपे निघतात, त्यांची भाजी थंडीत खेड्यांतून येणाऱ्या बायका विकायला आणतात. हरभऱ्याचे शेंडे खुडून आणलेली भाजी फुलोऱ्यापूर्वीची असते, म्हणजे घाटे अळीसाठी होणाऱ्या फवारणीच्या आधीची. तांदुळजा, घोळ, पाथरी आणि कुरडू या तर कोणी पेरतही नाही. त्या रानात आपोआप येतात, फक्त त्या तणनाशक मारलेल्या उसातून किंवा सांडपाण्याच्या ओढ्याकाठून खुडलेल्या नाहीत एवढे विचारून घ्यावे. सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत औषधाचा थेंब नसला तरी जंतू आणि जड धातू असू शकतात, आणि ‘औषध मारलेले नाही’ हे विक्रेत्याचे उत्तर तेव्हा शंभर टक्के खरे असूनही निरुपयोगी ठरते.

तुरीवर आणि हरभऱ्यावर फुलोऱ्यापासून दोन-तीन फवारण्या होतात, पण डाळ होईपर्यंत दाणा शेंगेत वाळतो आणि डाळ करताना सालही निघते. दुधी, दोडका, शेवगा आणि भोपळा हे मधल्या फळीतले. दुसऱ्या टोकाला वांगी, भेंडी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, कोथिंबीर, द्राक्ष आणि डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आहे, तरीही तेल्या रोगाने इथल्या बागाच्या बागा उजाड केल्या आहेत. पाऊस पडून गेला की त्या धास्तीने बागायतदाराचा पंप थांबत नाही. डाळिंबाची जाड साल आपण फेकून देतो, म्हणून खाणाऱ्याच्या दृष्टीने ते द्राक्षापेक्षा बरे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत डाऊनी आणि भुरी या दोन बुरशींशी झगडलेले द्राक्ष आपण सालीसकट खातो, आणि त्याचाच बेदाणा करताना पाणी उडून जाते पण उरलेला अंश आटून राहतो. शिवाय रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, ती वेगळीच.

भेंडीचा हिशेब

एकाच भाजीकडे बारकाईने पाहिले तर शहरातल्या माणसाला न दिसणारी अडचण कळते. प्रत्येक औषधाच्या बाटलीबरोबरच्या माहितीपत्रकात फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवसांचे अंतर ठेवावे हे दिलेले असते. बागायतदार त्याला ‘वेटिंग’ म्हणतात. भेंडीचा तोडा एक दिवसाआड करावा लागतो, नाहीतर भेंडी जून होऊन कोणी विकत घेत नाही. आता एखाद्या औषधाचे वेटिंग सात दिवसांचे असेल, तर शेतकऱ्याने ते पाळण्यासाठी तीन तोडे फेकून द्यायला हवेत. भाव चांगला असताना हाताशी आलेला माल फेकून देणारा शेतकरी विरळा. वांगी, काकडी आणि टोमॅटो यांतही थोड्याफार फरकाने हेच गणित आहे. म्हणून एकदाच काढणी होणाऱ्या पिकांपेक्षा वरचेवर तोडा होणाऱ्या भाज्यांत अंश सापडण्याचा संभव अधिक, आणि तो शेतकऱ्याच्या नीतीपेक्षा पिकाच्या स्वभावावर जास्त अवलंबून असतो.

मोहोळ तालुक्यातून आठवडे बाजाराला येणाऱ्या एका ओळखीच्या बागायतदाराला मी हे विचारले, तेव्हा त्याने आडपडदा न ठेवता सांगितले, “ताई, वांग्याला औषध मारलंच नाही, तर तुमच्या पिशवीत यायच्या आधी ते अळीच्या पोटात जातंय. मारतो मी. पण घरी खायच्या चार झाडांना मारत नाही.” पुढच्या आठवड्यापासून मी त्याच्याकडे त्या चार झाडांवरची वांगी मागू लागले. ती किडकी निघतात, निम्मी टाकावी लागतात, आणि त्याला मी पूर्ण वजनाचे पैसे देते.

त्याच्याशी बोलताना कळले की प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके मिळते. ‘सेंद्रिय आहे का, दादा?’ असे विचारले की ‘हो’ असेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘शेवटचा फवारा कधी झाला, कशाचा मारला, आणि आज सकाळी तोडा केला तो त्यानंतर कितवा?’ असे विचारावे. स्वतः पिकवणारा माणूस या प्रश्नाला अडखळत नाही. अडत्याकडून माल उचलून आणलेल्याला उत्तर देता येत नाही, आणि तेही कळणे उपयोगाचेच. विक्रेत्याकडे एकाच वेळी पंधरा प्रकारच्या भाज्या, त्यातही बिनहंगामी, दिसत असतील तर त्या त्याच्या रानातल्या नाहीत. वांगी आहेत, मेथी आहे, थोडी मिरची आहे आणि गेल्या आठवड्यात असलेला दोडका आज संपला आहे, अशी पाटी विश्वासाची.

शेतकऱ्याच्या रानात जाण्याचा योग आला तर बांधावर पडलेल्या बाटल्या पाहाव्यात. कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्या त्रिकोणाचे औषध ‘सेंद्रिय असते’ असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. तो त्रिकोण फक्त विषारीपणाची सर्वांत खालची पायरी दाखवतो. याउलट ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत, आणि तिथे शेतकरीच फसवला गेलेला असतो. तो प्रामाणिकपणे ‘मी रासायनिक मारत नाही’ असे सांगतो आणि तरीही अंश सापडतो.

असा शेतकरी थेट भेटण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, आणि त्याच सुमारास शेतकरी आठवडे बाजारांची योजना आली. ती योजना संत सावता माळी यांच्या नावाने आहे, आणि त्यांचे अरण हे गाव आपल्याच माढा तालुक्यात आहे.

घरी आणल्यावर

धुण्याने काय निघते आणि काय निघत नाही, हे औषधाच्या जातीवर ठरते. स्पर्शजन्य औषध पानाच्या किंवा फळाच्या पृष्ठभागावर राहते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने त्याचा बराच भाग जातो. आंतरप्रवाही औषध, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड किंवा ॲसिफेट, झाडाच्या रसात शिरते आणि गरापर्यंत पोहोचते. त्याच्यापुढे मीठ, हळद, व्हिनेगर आणि बाजारात मिळणारी भाजी धुण्याची महागडी द्रावणे सगळीच तोकडी पडतात. खायच्या सोड्याविषयी २०१७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर एक प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा या प्रमाणाच्या द्रावणात फळ ठेवल्यावर सालीवरची दोन औषधे १२ ते १५ मिनिटांत निघून गेली, पण सालीत मुरलेला भाग तसाच राहिला. द्राक्षे, टोमॅटो आणि ढोबळी मिरची यांसाठी हा उपाय स्वस्त आहे, म्हणून करावा. फ्लॉवरचे तुरे मात्र आधी सुटे करावेत, कारण गड्ड्याच्या आत पाणी शिरत नाही. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकली, दुधीची आणि काकडीची साल काढली, तर नुसत्या धुण्यापेक्षा जास्त लाभ होतो. सालीची चटणी करणाऱ्या घरांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

गच्चीवर भाजी लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा शेडनेटखाली कढीपत्ता आणि पुदिना जगला तरी पुष्कळ. जुलै ते फेब्रुवारी या काळात मेथी, कोथिंबीर आणि चार मिरच्यांची रोपे मात्र सहज निघतात, आणि कोथिंबीर कच्ची खाल्ली जात असल्याने तेवढीच घरची असली तरी फायदा होतो.

वर्षाची ज्वारी

भाजीच्या मागे लागताना आपण एक गोष्ट विसरतो: ताटात रोज सर्वांत जास्त वजन भाकरीचे असते. सोलापूरकडच्या अनेक घरांत आजही वर्षाची ज्वारी आणि तूर एकदाच भरतात, आणि या जुन्या सवयीमुळे आपले काम पुण्या-मुंबईच्या ग्राहकापेक्षा सोपे होते. भाजीसाठी आठवड्यातून दोनदा नव्याने विश्वास ठेवावा लागतो. ज्वारीसाठी वर्षातून एकदाच चौकशी करायची असते, तीही नीट, रानात जाऊन. चार-पाच घरांनी मिळून एका शेतकऱ्याकडून दहा-बारा पोती घेतली, तर त्याला अडत, तोलाई आणि वाहतूक वाचते, आणि आपल्याला बाजारापेक्षा थोडा जास्त भाव देऊनही दुकानातल्या सेंद्रिय पाकिटापेक्षा माल स्वस्त पडतो.

घरी आणलेल्या ज्वारीला पुढे किडीपासून जपताना मात्र पुष्कळ जण सगळे कमावलेले घालवतात. रानात एक फवारणी टाळलेले धान्य कोठीत घालताना त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या जातात. या गोळीतून निघणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो; ती गोदामात, जाणकार माणसाने, बंदिस्तपणे वापरायची वस्तू आहे आणि राहत्या घरात तिला जागा नाही. मार्च-एप्रिलचे ऊन सोलापुरात फुकट मिळते. त्यात दोन-तीन दिवस कडकडीत वाळवलेली ज्वारी, दाताखाली कट्कन तुटेपर्यंत, थंड झाल्यावर हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या कोठीत कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह भरली, की पुढच्या हंगामापर्यंत बहुधा टिकते. पावसाळ्यात एकदा उघडून पाहावी.

चौकशी करण्याची वेळ मात्र मार्च नव्हे. मार्चमध्ये धान्य पोत्यात गेलेले असते आणि सगळीच पोती सारखी दिसतात. डिसेंबर-जानेवारीत, ज्वारी हुरड्यावर आली असताना, आपण शेंगाचटणी आणि दही घेऊन कोणाच्या ना कोणाच्या रानात जातोच. आगटीतून निघालेली कणसे चोळून होईपर्यंत गप्पांना वेळ असतो, पीक समोर उभे असते, खोपटात औषधाच्या बाटल्या असतील तर दिसतात, आणि शेजारचा वावरवालाही हुरडा खायला आलेला असतो. वर्षाच्या चार पोत्यांची बोली तिथेच करून ठेवावी.